गाल्बाची निवड आणि तुमची

आई,

रोमचा सम्राट गाल्बा चुकला की नाही, हे आपलं ठरायचं राहिलं.

तुम्ही म्हणत होतात, वारस निवडण्यात तो चुकला नाही. ज्याला निवडलं नाही त्याचं पुढे काय करायचं, याचा त्याने विचार केला नव्हता. मी म्हणत होते, त्याने कुणाला निवडायलाच नको होतं. तेवढ्यात तुम्हाला धाप लागली, तुम्ही हात वर करून 'उद्या' अशी खूण केलीत आणि डोळे मिटलेत. उत्तर अडचणीचं असलं की तुमचा श्वास जरा जास्तच कमी पडायचा. मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तुम्हालाही ठाऊक होतं. मी चहाचे कप उचलले आणि ऑफिसच्या कॉलला बसले. तो विषय मग निघालाच नाही.

सासू गेल्यावर सुनेने तिच्याशी रोमच्या सम्राटांवरून वाद घालत बसावं, हे कुणाला विचित्र वाटेल. पण आपल्यात दुसरं होतं काय? तुम्हाला स्वयंपाकात रस नव्हता, मला दागिन्यांत नव्हता. तुम्ही पुण्याच्या कॉलेजात आयुष्यभर प्राचीन इतिहास शिकवलात, मी लोकांची सॉफ्टवेअर वेळेवर पोचवण्यात केस पांढरे केले. बाबा गेल्यावर तुम्ही आमच्याकडे सिंगापूरला आलात, तेव्हा सुरुवातीला टॅम्पिनीसच्या त्या फ्लॅटमध्ये आपण दोघी एकमेकींना नुसत्या वाट करून देत होतो. "तू जा आधी." "नाही, तुम्ही जा." मंदार, तुमचा धाकटा, आपल्या दोघींच्या मध्ये उभा राहून हसायचा.

मग आमच्या ऑफिसात एका दुपारी डायरेक्टरला काढून टाकलं. त्याच्या जागेवर तिघांचा डोळा होता, आणि त्यातला कोण येतो यावर माझी नोकरी, आणि नोकरीवर आमचा इथे राहण्याचा पास अवलंबून होता. मी घरी येऊन मंदारला हे सांगत होते. तुम्ही जेवणाच्या टेबलावर मटार सोलत होतात. मान वर न करता विचारलंत, "त्या तिघांपैकी रोज त्या इमारतीत कोण असतं?"

मी म्हटलं, एकच. बाकीचे दोघे सिडनीला आणि बंगळूरला.

"मग तोच."

तोच झाला. मी तुम्हाला येऊन सांगितलं, तेव्हा तुम्हाला त्याचं काही विशेष वाटलं नाही. तुम्ही क्लॉडियसची गोष्ट सांगितलीत. सम्राट कॅलिगुलाचा खून झाला, राजवाड्यात पळापळ झाली, आणि घरात ज्याला कुणी मोजत नव्हतं तो त्याचा काका एका पडद्याआड लपून बसला. अंगरक्षकांतल्या एका शिपायाला पडद्याखाली पाय दिसले. क्लॉडियसला वाटलं, आता आपल्याला मारणार. शिपायांनी त्याला उचलून आपल्या छावणीत नेलं आणि सम्राट म्हणून जाहीर केलं. तिकडे सिनेटमधले मोठमोठे लोक 'आता पुन्हा प्रजासत्ताक आणायचं का' यावर भाषणं करत बसले होते.

"भाषणं चांगलीच असतील," तुम्ही म्हणालात. "पण तलवारी छावणीत होत्या. आणि छावणी शहरातच होती."

तेव्हापासून रात्रीच्या जेवणाला रोम सुरू झालं. आमची सई तेव्हा प्रायमरीत होती. तिला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं, आणि तेही इथल्या शाळेतलं, 'बरं'ला 'कॅन' म्हणणारं. तुम्ही एखाद्या सम्राटाचं नाव घेतलंत की ती चमचा खाली ठेवून विचारायची, "सो हू किल हिम, आजी?"

"अगं, आधी तो सम्राट कसा झाला ते ऐक."

"कॅन, कॅन. बट हू किल हिम?"

तुम्ही हसायचात. तुम्ही म्हणायचात, पोरगी बरोबर विचारते. सत्ता कशी मिळाली हे पुस्तकं रंगवून सांगतात. खरा प्रश्न असा की दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच माणसाच्या हातात का होती. आणि मग ऑगस्टस. तुमचा लाडका नव्हता तो, तुम्हाला त्याची भीती वाटायची. यादवी युद्ध जिंकल्यावर त्याने राजा म्हणवून घेतलं नाही. सिनेटमध्ये जाऊन सांगितलं, घ्या, सगळे अधिकार परत घ्या. सिनेटने हात जोडून ते पुन्हा त्यालाच दिले. त्याने जुनी पदं, जुनी नावं, जुने विधी तसेच ठेवले. फक्त सैन्य जिथे होतं ते प्रांत स्वतःकडे ठेवले, आणि इजिप्तचं धान्य. दरवेळी नको-नको म्हणत तो जन्मभर राज्य करत राहिला आणि अंथरुणात मेला. सई त्या दिवशी फार निराश झाली होती.

मी म्हटलं, "ही फसवणूक आहे."

तुम्ही म्हणालात, "आहेच. पण ज्यांची फसवणूक झाली त्यांना ती हवी होती. वीस वर्षं एकमेकांचे गळे कापून झाले होते त्यांचे. खोटं कुणी एकटा बोलत नाही, केतकी. ऐकणारा लागतो."

एकदा मी चिडून तुम्हाला म्हटलं होतं, की तुम्हीही तेच करता. 'मी काय, पाहुणी आहे' असं म्हणत म्हणत घरात काय शिजणार, पडदे कुठले लागणार, मे महिन्यात पुण्याला कोण जाणार, हे सगळं तुम्हीच ठरवता. तुमचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं तुम्ही हसाल. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "रोम म्हणजे आपलं घर नव्हे. तिथे माणसं मारली. असं जोडत जाऊ नकोस." मग आठवडाभर तुम्ही घरातलं काहीही ठरवलं नाहीत. तो आठवडा फार वाईट गेला. सकाळी मंदार विचारायचा, "आई, भाजी कुठली आणू?" आणि तुम्ही म्हणायचात, "केतकीला विचार." मी तुमच्याकडे बघायचे, तुम्ही खिडकीबाहेर.

मग तुमचा आजार. फुफ्फुसं हळूहळू कडक होत जातात, त्यावर औषध नाही, वेग कमी करता येतो एवढंच. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्याची लांब नळी तुमच्या खोलीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत पोचायची, पुढे नाही. तुम्ही टेबलाच्या त्या टोकाच्या खुर्चीवर बसू लागलात. श्वास कमी झाला तशी तुमची वाक्यं लहान झाली. पूर्वी एकेका सम्राटाला दोन जेवणं पुरत नसत. आता तुम्ही म्हणायचात, "टायबेरियस. सावत्र मुलगा. नको असलेला. बाकीचे मेले म्हणून." थांबायचात. नळीतला वारा ऐकू यायचा. "एक नातू होता. दूर बेटावर ठेवलेला. ऑगस्टस गेला, लगेच त्याला मारला." आणि सई, आता सेकंडरीत गेलेली, कुणी मारलं हे न विचारता तुमच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवायची.

त्या दिवशी क्लिनिकमध्ये आपण तिघं होतो. मध्यमवयीन, शांत आवाजाची एक बाई आली होती. पुढे तब्येत फार बिघडली तर कुठले उपचार हवेत, कुठले नकोत, हे आधीच बोलून ठेवायचं, असं ती समजावत होती. तुम्ही सगळं इंग्रजीत, एकेक शब्द तोलून सांगितलंत. घशात नळी नको. मशीनवर ठेवू नका. "मला बोलता येणार नसेल तर मी तिथे नाही," असं तुम्ही म्हणालात, आणि मी खाली बघितलं, कारण ते तुमचंच वाक्य होतं, दुसरं कुणी ते बोललंच नसतं.

मग तिने विचारलं, तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा तुमच्या वतीने डॉक्टरांशी कोण बोलेल?

मंदार खुर्चीत पुढे सरकला. तो काही बोलणार होता.

"माय डॉटर-इन-लॉ," तुम्ही म्हणालात.

त्या बाईने माझ्याकडे बघून मान हलवली. मंदार पुन्हा मागे टेकला. परतताना टॅक्सीत तो फोन चाळत बसला. तुमचा मोठा मुलगा, सुहासदादा, पुण्यात होता. त्याला कोण सांगणार, हा प्रश्न गाडीत आपल्या तिघांच्या मध्ये बसला होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

संध्याकाळी मंदार सईला घेऊन पोहायला गेला, तेव्हा मी तुमच्या खोलीत आले.

"मला का?"

"मुलांना जमणार नाही."

"आणि मला जमेल?"

"तुला जमेल."

"का? माझा तुमच्यावर जीव कमी आहे म्हणून?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला अजून कळत नाही ती नजर कसली होती. मग तुम्ही म्हणालात, "पोटच्या पोराला आईचे श्वास मोजायला कुणी लावू नये." आणि हात वर केलात.

मी दार जरा जोरात लावलं. मला वाटलं, इतकी वर्षं एका घरात काढली, तुमच्या पाठीला तेल लावलं, तुमचे क्लॉडियस आणि ऑगस्टस ऐकले, आणि शेवटी माझी लायकी काय, तर मी परकी आहे म्हणून माझा हात कापणार नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बोललात, पण रोमबद्दल. नेर्वा. म्हातारा, मूल नाही. अंगरक्षकांनी त्याच्याच राजवाड्याला वेढा घातला आणि त्याच्याकडून हवं ते करवून घेतलं. सगळ्यांसमोर अपमान. त्याने काय केलं? ऱ्हाइन नदीकाठचा एक सेनापती, ट्रेजन, त्याला दत्तक घेतलं. नातं काही नाही. एका दिवसात राजधानी शांत झाली. "निवडलेला," तुम्ही म्हणालात. "जन्मलेला नाही. निवडलेला."

मी म्हटलं, "त्याच्यामागे फौज होती, आई. माझ्यामागे कोण आहे? गाल्बानेही दत्तक घेतला होता."

गाल्बाची गोष्ट मला तुम्हीच सांगितली होती. नीरोनंतरचा तो करडा म्हातारा. त्यानेही एक चांगला, सरळ तरुण निवडला, पीसो नावाचा. पण ओथो, जो सुरुवातीपासून त्याच्याबरोबर होता आणि आपलंच नाव येणार म्हणून वाट बघत होता, त्याला वगळलं. शिपायांना द्यायचं बक्षीसही दिलं नाही. ओथो गुपचूप छावणीत गेला. थोड्याच दिवसांत गाल्बा भर चौकात मारला गेला, आणि पीसोला एका देवळातून बाहेर ओढून मारलं. त्याने काहीही केलं नव्हतं. त्याची निवड झाली होती, एवढंच.

"मी पीसो आहे," मी म्हटलं. "सुहासदादा मला सोडणार नाही."

तुम्ही एकदम चिडलात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुमचा आवाज चढला. "मूर्खासारखं बोलू नकोस. तो ओथो नाही. तो माझा मुलगा आहे!" आणि मग खोकला, आणि मी धावत येऊन तुम्हाला बसतं केलं, आणि तुमच्या पाठीची हाडं माझ्या तळहाताखाली वरखाली होत राहिली. खोकला थांबल्यावर तुम्ही म्हणालात, की गाल्बाने निवड बरोबर केली होती, फक्त ओथोचं काय करायचं याचा विचार केला नव्हता. मी म्हटलं, निवडायलाच नको होतं. आणि तुम्ही हात वर केलात.

कॉमोडसचंही आपलं असंच राहिलं होतं. त्याच्या वडिलांआधीचे चार सम्राट निवडलेले, आणि चांगले. त्याच्या सज्जन बापाने मात्र राज्य पोटच्या पोराला, कॉमोडसला, दिलं आणि सगळं धुळीला मिळालं. मी म्हणायचे, त्याने दुसऱ्या कुणाला तरी निवडायला हवं होतं. तुम्ही म्हणायचात, "आणि मुलाचं काय? बाजूला ठेवलेला मुलगा जगत नाही. त्याला कुणीतरी मारतं, नाहीतर तो कुणालातरी. बापाला ते ठाऊक होतं." हे तुम्ही किती वेळा म्हणालात, आई. आणि तरी तुम्ही दोन मुलांना बाजूला ठेवलंत. मला वाटायचं, तुमचा स्वतःच्याच बोलण्याशी मेळ बसत नाही.

त्या सकाळी तुम्ही उठला नाहीत, हाका मारल्या तरी शुद्धीवर आला नाहीत. ओठ निळसर झाले होते. हॉस्पिटलात तुमच्या तोंडावर घट्ट मास्क बसवला, वारा जोराने आत ढकलणारा. डॉक्टर तरुण होती, तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी ती बोलताना बोटाभोवती गुंडाळत होती. आम्हाला तिने एका लहान खोलीत नेलं. मास्कवर आता भागत नाही, ती म्हणाली. पुढची पायरी म्हणजे घशात नळी आणि मशीन. पण ही फुफ्फुसं परत सुधारणारी नाहीत. एकदा नळी घातली की ती काढता येईल असं मला वाटत नाही. त्या गुंगीतच राहतील.

मंदारच्या हातात फोन होता, स्पीकरवर. सुहासदादा मुंबईच्या विमानतळावर होता. त्याच्या आवाजामागे कुठल्या कुठल्या विमानांच्या घोषणा चालल्या होत्या.

"केतकी, ऐक. नळी घालायला सांग त्यांना. मी निघालोय. फक्त मी येईपर्यंत."

मी डॉक्टरकडे बघितलं.

"मी आलो की मग तुम्ही म्हणाल ते. काय मागतोय मी? एक रात्र. मला तिला बघू दे, केतकी. फक्त मी येईपर्यंत."

मंदार जमिनीकडे बघत होता. फोन त्याने दोन्ही हातांनी धरला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले, की तो मान वर करेल आणि काहीतरी म्हणेल. त्याने मान वर केली नाही.

आई, मी 'हो' म्हणणार होते. शब्द ओठावर आला होता. एक रात्र म्हणजे काय? तुम्हाला कळलंही नसतं. पुण्याहून एक मुलगा येतोय, त्याला त्याची आई उबदार हाताची मिळाली असती. त्यात वाईट काय होतं? माझा जीव कमी आहे असं तुम्ही धरून चालला होतात, आणि मी तिथे उभी राहून तुमच्यासाठी नळी मागणार होते, मशीन मागणार होते, जे जे असेल ते मागणार होते. तुमचा अंदाज साफ चुकला होता. मलाही जमत नव्हतं.

डॉक्टरला ते दिसलं असावं. ती म्हणाली, "तुम्हाला काय हवंय, ते मी विचारत नाहीये. त्या इथे या खुर्चीत बसून आपलं बोलणं ऐकत असत्या, तर काय म्हणाल्या असत्या?"

आणि मग ते अवघड राहिलं नाही. अवघड नव्हतं असं नाही. पण उत्तर माझं नव्हतं. तुम्ही खुर्चीत बसून काय म्हणाला असतात, हे मला इतक्या वर्षांच्या जेवणांतून पाठ झालेलं होतं.

"नको म्हणाल्या असत्या," मी म्हटलं.

फोनमध्ये क्षणभर फक्त विमानतळ होता. मग दादा म्हणाला, "मंदार, तिला थांबव." मंदारने डोळे मिटले. "मंदार!"

आम्ही तुमच्याजवळ आलो. श्वासाचा त्रास कमी व्हावा म्हणून त्यांनी औषध सुरू केलं. मी मंदारच्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि तुमच्या कानाशी धरला. दादा विमानात बसेपर्यंत तुमच्याशी बोलत होता. काय बोलला मला माहीत नाही, मी तोंड वळवून उभी होते. तुमची बोटं चादरीवर हलत होती. नंतर थोडा वेळ शुद्ध आली, तेव्हा मास्क जरा बाजूला करून तुम्ही विचारलंत, "सुहास?"

"निघालाय, आई."

"भांडेल."

"हो."

"भांडू दे."

सई शाळेच्या युनिफॉर्ममध्ये तशीच आली आणि तुमच्या पायाशी बसली. दुपार सरता सरता तुम्ही गेलात. दादा चांगी विमानतळावर उतरला तेव्हा मंदार त्याला आणायला उभा होता, आणि मंदारचा चेहरा बघूनच त्याला कळलं.

घरी आल्यावर दादाने बूटही काढले नाहीत. बुकित पंजांगहून, मरीन परेडहून आपले लोक आले होते, कुणीतरी चहा करत होतं. तो सगळ्यांमधून सरळ माझ्यापर्यंत आला.

"तू कोण?" तो म्हणाला. "नाही, मला सांग. तू कोण लागतेस तिची, की तू ठरवलंस?"

चहा करणारी बाई थांबली. 'सून' म्हटलं तर ते त्याच्याच बाजूचं उत्तर होतं. तुम्ही मला निवडलंत, हे मी म्हणू शकले असते, पण ते म्हणजे त्याच्या तोंडावर, चार लोकांसमोर, तुझ्या आईने तुला निवडलं नाही असं म्हणणं. मी गप्प राहिले. त्याने ते कबुली म्हणून घेतलं.

त्यानंतर तो माझ्याशी बोललाच नाही. "मंदार, तिला विचार, आईची शाल कुठे आहे." मी समोर उभी असायचे. मंदार माझ्याकडे वळून तेच पुन्हा विचारायचा, आणि मी मंदारला सांगायचे, कपाटात, वरच्या फळीवर. सईने एकदा जेवताना चमचा आपटला: "अंकल, शी इज सिटिंग राइट हिअर, लाह!" आणि उठून खोलीत गेली. कुणी तिला रागावलं नाही. दादाने ताट बाजूला केलं.

इथल्या मंडाई भागातल्या स्मशानातून अस्थी आणल्या, तेव्हा दादा म्हणाला, या पुण्याला जातील. मंदारने माझ्याकडे बघितलं. तुम्ही मला म्हणाला होतात, राख कुठेही न्या, मी तिथे नसेन. मला मात्र त्या इथे हव्या होत्या, चांगीच्या समुद्रात, जिथे मला रविवारी जाऊन उभं राहता आलं असतं. मी ते बोलू शकले असते. तुमच्या नावाने बोललं तर मंदारने ऐकलंही असतं. पण तुम्ही मला जे दिलं होतं ते एका प्रश्नापुरतं होतं, आणि तो प्रश्न विचारून झाला होता. त्यापुढेही ते हातात धरून बसणाऱ्यांचं काय होतं, हे तुमच्याकडून मी पुरेसं ऐकलेलं आहे. "दादांना नेऊ दे," मी म्हटलं. दादाने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. आभार नव्हते त्यात. जिना संपला असं वाटून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी, तसं काहीतरी होतं.

काल आम्ही त्याला चांगीला सोडायला गेलो. मंदार बॅगेच्या रांगेत होता. दादा आणि मी एका खांबापाशी उभे होतो, त्याच्या हातात तुम्ही, तांबड्या कापडात गुंडाळलेल्या.

"आईने मला फोन केला होता," तो म्हणाला. "तुझं नाव दिलं, त्याच संध्याकाळी."

मी त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मी म्हटलं, मला हे मान्य नाही. ती म्हणाली, मान्य कर असं मी म्हणतच नाहीये. तू भांड. मुलगा भांडला नाही तर मला वाईट वाटेल." त्याने कापडाची गाठ उगीचच घट्ट केली. "धाप लागत होती तिला. तरी म्हणाली, भांड, पण केतकीशी बोलणं टाकू नकोस. तिच्यावर फार मोठं ओझं टाकलंय मी." तो थांबला. "तेवढं एक मागितलं होतं तिनं. तेही मी केलं नाही."

मला रडू आलं नाही. मला तुमचा राग आला, आई. तुम्ही सगळं केलं होतंत. क्लिनिकमधून परत आल्यावर मी दार आपटून गेले, आणि तुम्ही उरलेला श्वास गोळा करून पुण्याला फोन लावलात. मला मात्र तुम्ही नेर्वा सांगितलात.

"मी अजून चिडलेलोच आहे," दादा म्हणाला.

"मला माहीत आहे."

"फोन करीन. लगेच नाही जमायचं."

"बरं, दादा."

तो आत गेला. मंदार आणि मी ट्रेनने परत निघालो. ताना मेराला गाडी बदलली. मग मंदार अचानक बोलायला लागला, समोरच्या खिडकीकडे बघत, कुणाला तरी हिशेब देत असल्यासारखा.

"मी हो म्हटलं असतं, केतकी. दादाने फोनवर सांगायच्या आधीच म्हटलं असतं. मशीन लागलं असतं, आणि दादा आला असता, आणि मग ते बंद करा असं म्हणायला मला कधीच जमलं नसतं. ती महिनोन्‌महिने तशी पडून राहिली असती. माझ्यामुळे." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तिला माहीत होतं. म्हणून तिनं त्या दिवशी क्लिनिकमध्ये माझ्याकडे बघितलं नाही. तिनं मला वाचवलं."

टॅम्पिनीस आलं. दारं उघडली, लोक उतरले, दारं मिटली. आमच्यातलं कुणी उठलं नाही. पासिर रिसला गाडी संपते. सगळे उतरले म्हणून आम्हीही उतरलो आणि फलाटावरच्या बाकावर बसलो. तिथे तुमचा धाकटा मुलगा रडला, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, अगदी आवाज काढून. शाळेतून येणारी मुलं वळून बघत होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

त्याला तुम्ही वाचवलंत. दादाला भांडायचं काम देऊन त्यालाही वाचवलंत. मला नाही वाचवलंत, आई. ते मी मंदारला म्हटलं नाही, तुम्हाला म्हणते. ती खोली, तो फोन, 'फक्त मी येईपर्यंत', हे सगळं माझ्याकडेच राहणार आहे, आणि तुम्ही ते पूर्ण विचार करून माझ्याकडे ठेवलंत. मी अजून रागावलेली आहे.

पण उलट दिशेची गाडी आली, मंदार डोळे पुसून उठला, आणि मी एक गोष्ट करून बघितली. त्या क्लिनिकमध्ये तुम्ही दुसरं नाव घेतलंत, असं मनात आणून बघितलं. मंदारचं, किंवा दादाचं. मी शेजारच्या खुर्चीत बसलेय, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता दुसऱ्याचं नाव सांगताय. आई, ते मला सहन झालं नाही.